महामारीत लहान सेवासंस्थांनी तग कसा धरावा?

प्रश्न (खानापूर): २०२० च्या टाळेबंदीत आमच्या संस्थेने जंगलालगतच्या वाड्यांवर शिधा पोहोचवला, परंतु देणग्या आटल्या आणि कार्यकर्त्यांचे मानधन थकले, ही सल अजून आहे. पुढील तयारी कशी करावी?

उत्तर (निपाणी): सहा महिन्यांच्या मानधनाएवढा राखीव निधी आधी बाजूला काढा. परदेशी देणगीवर विसंबू नका, कारण परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि ती दुसऱ्या संस्थेला देण्यासही मनाई केली, त्यामुळे मोठ्या संस्थांमार्फत लहानांपर्यंत येणारा पैसा थांबला.

उत्तर (बेळगाव): साथीच्या काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळी नाक्यावर तपासणी कडक होते, म्हणून केवळ कोल्हापूरच्या पुरवठादारावर अवलंबून राहू नये. परवान्याचे अर्ज कन्नडमध्ये लिहिणारा सहकारीही हवाच.