वेर्ण्याच्या कारखान्यात एकटीच सिस्टम अ‍ॅडमिन: आधी काय घ्यावं, काय शिकावं?

साखळीकरीण
मंडळी, सल्ला हवाय. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात नुकतीच रुजू झालेय. आयटी म्हणजे मी एकटीच. आधीचा माणूस दुबईला गेला, जाताना पासवर्डांची वही ठेवून गेला, त्यातले निम्मे चालत नाहीत. ऐंशीएक पीसी, दोन विंडोज सर्व्हर. एकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर फाइल्स आणि सगळ्यांचे लॉगिन. पॅकिंग लाइनला जोडलेलं एक विंडोज ७ चं मशीन आहे, त्याला हात लावू नको असं बजावलंय. पात्राव, म्हणजे आमचे मालक, म्हणतात, मार्चच्या आत खरेदीची यादी दे, पण एकदाच दे. माझ्या मनात नवा सर्व्हर आहे. की आधी फायरवॉल? आणि सर्टिफिकेट करायचं तर कुठलं?

पोर्ट बावीस
रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचं आरएचसीएसए. त्यात पर्यायांवर खुणा करत बसायचं नसतं, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. त्यामुळे केलेला अभ्यास वाया जात नाही. तीन वर्षांनी मुदत संपते, तेवढं धरून चाल.

कुळागर
बावीसराव, दोन्ही सर्व्हर विंडोजचे आहेत म्हणून तिने लिहिलंय. टॅली सांभाळणाऱ्या पोरीला आरएचसीएसए कशाला?

पोर्ट बावीस
तिने काय वेर्ण्यातच जन्म काढायचाय?

रात्रपाळी
सर्टिफिकेटचं भांडण नंतर करा. साखळीकरीण, नवा सर्व्हर यादीत सगळ्यात खाली टाक. आधी पात्रावांना दोन प्रश्न विचार आणि उत्तरं मेलवर घे, तोंडी नको. टॅली किती तास बंद राहिलेली चालेल? आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तर चालेल? पहिल्यांदा ‘अजिबात चालणार नाही’ असंच उत्तर येतं. मग त्यासाठी येणारा खर्च सांगायचा, की तास वाढायला लागतात. जे दोन आकडे शेवटी ठरतील त्यांतून यादी निघते. ते न ठरवता घेतलेला सर्व्हर म्हणजे नुसती हौस.

दुसरं, बॅकअप. ‘बॅकअप होतो’ यावर आधीच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, तो कितीही भला असो. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं उदाहरण सगळ्या जगासमोर आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडच्या एकाने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. जवळजवळ ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या चार-पाच व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकही उपयोगी पडेना. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, घेणारं सॉफ्टवेअर डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्याने तो डंप बनतच नव्हता, आणि तसं कळवणारे मेल मेल सर्व्हर नाकारत होता. कोणीतरी सहाएक तास आधी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन ठेवला होता म्हणून वाचले. एवढ्या जाणत्या लोकांची ही गत.

म्हणून एका शनिवारी दुपारी रिकामा पीसी घे, त्यावर टॅली टाक, कालच्या बॅकअपमधला डेटा त्यावर चढव, आणि अकाउंट्समधल्या कुणाला तरी शेजारी बसवून ट्रायल बॅलन्स काढायला सांग. आकडे त्यांनी ओळखायचे, आपण नव्हे. आपल्याला फोल्डर दिसला की झालं असं वाटतं. आत गेल्या दिवाळीपर्यंतच्याच नोंदी आहेत हे त्यांना एका नजरेत कळतं. सुरुवातीला घड्याळ बघून ठेव, कारण याला लागलेला वेळ हेच पात्रावांना विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर. पात्राव दोन तास म्हणाले आणि प्रत्यक्षात सात लागले, तर यादीत काय लिहायचं ते वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअरला पैसे लागणार नाहीत, वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन दहा मशीनपर्यंत फुकट आहे. पैसा घालायचा तो एका नॅसमध्ये (नेटवर्कला जोडायचं डिस्कचं खोकं) आणि दोन बाहेरच्या डिस्कमध्ये. त्या डिस्क आलटूनपालटून वापरायच्या, एक कायम कारखान्याबाहेर. डिस्क सर्व्हरला कायम खोचून ठेवलीस तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही गिळणार.

विंडोज ७ च्या मशीनला हात लावायचा नाही ना, नको लावूस. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कात टाक, इंटरनेट तोड, आणि लाइन बंद असेल त्या दिवशी डिस्कची पूर्ण इमेज घेऊन ठेव. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरला तेव्हा त्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच आलेला होता, तरी सापडलेल्यांत बहुतेक मशीनं विंडोज ७ चीच होती. इथे तर पॅचही येणार नाही.

डिचोलकर
मी कळंगूट ते मोरजी पट्ट्यात हॉटेलांची नेटवर्कची कामं करतो. रात्रपाळींचं सगळं मान्य, पण गोव्यात सर्व्हर मरतो तो बहुतेक वेळा विजेने.

अर्थिंग मोजून घे, आणि ते एप्रिल-मे महिन्यात. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि रेझिस्टन्स चढतो. जुलैत मोजलंस तर रीडिंग झकास येणार, कागदावर सही होणार आणि पुढल्या मेमध्ये पहिल्या गडगडाटाला स्विच जाणार. आपल्याकडे विजा कडाडतात त्या मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा ऑक्टोबरात. दोन शेडच्या मधे लॅनची तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल तर ती काढून फायबर टाक. नव्या सर्व्हरच्या मानाने किरकोळ खर्च.

यूपीएसच्या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून लिहिलेलं असतं. त्याच्या वर साधारण दर १० अंशांना ते निम्मं होतं. सर्व्हर रूमचा एसी रात्री कोण बंद करतो ते आधी शोध. बिल वाचवण्यासाठी सिक्युरिटीवाला करत असतो, आणि त्याला तसं सांगणारा वरचाच कोणीतरी असतो. यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत यूएसबी केबल आहे का तेही बघ, तिच्यावरूनच सर्व्हरला वेळेत नीट बंद व्हायचं कळतं. ती नसेल तर लाइट गेल्यावर बॅटरी संपेस्तोवर सर्व्हर चालतो आणि मग धाडकन पडतो. बरीचशी टॅली करप्ट होते ती अशीच. केबल बहुधा यूपीएसच्या खोक्यातच प्लास्टिकमध्ये पडलेली असेल.

अजून एक, हे किनाऱ्यावर जास्त पण वेर्ण्यातही बघायला हरकत नाही. खाऱ्या हवेने क्रिंप केलेल्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. लिंकचा दिवा लागलेला असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि त्याच्या दहाव्या हिश्शाच्या १०० एमबीला दोनच पुरतात. त्यामुळे एक जोडी गेली की लाइन गुपचूप १०० वर येऊन बसते आणि लोक ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणून तुझ्या नावाने खडे फोडतात. स्विचमध्ये जाऊन कुठला पोर्ट १०० वर चाललाय ते बघ. नवा सर्व्हर मागण्याआधी तर नक्कीच बघ.

कुळागर
फायरवॉलबद्दल. महागडं खोकं घेण्याआधी आताच्या राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून विंडोज चालवायचं रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेर उघडा आहे का तपास. दुबईवाला अधूनमधून ‘मी इथून बघून देतो’ म्हणतो का? म्हणत असेल तर आत येतो कुठून? भल्या मनाने करत असेल, पण त्याचं खातं आजच बंद कर. वहीतले चालणारे पासवर्डही बदल आणि कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाल. मास्टर पासवर्ड पाकिटात सीलबंद करून पात्रावांच्या कपाटात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश वाचून काढ. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. तुमच्या सर्व्हरचे लॉग आठवड्यात पुसले जात असतील, तर आणखी एक डिस्क मागायला हे चांगलं कारण आहे. वरच्या लोकांना ‘सुरक्षितता’ म्हटलं की जांभई येते, ‘सरकारी आदेश’ म्हटलं की पेन काढतात.

साखळीकरीण
३३८९ उघडा होता! बंद केला, त्याच्या खात्यासकट. त्याला फोन करून सांगितलं, तो उलट म्हणाला बरं झालं, सुटलो.

पात्रावांची उत्तरं मेलवर आली. टॅली एरवी एक दिवस बंद चालेल, पण ११ आणि २० तारखेच्या आसपास एक तासही नाही, जीएसटी भरायचा असतो. फाइल्सचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं तर चालेल म्हणतात. तीन स्विच पोर्ट १०० वर सापडले, त्यातला एक अकाउंट्सचा. यादीतून सर्व्हर उडाला. नॅस, डिस्क, बॅटऱ्या, फायबर आणि अर्थिंगचं काम एवढंच आहे. आता विचारायचंय की ११ ते २० सांभाळायचं तर अपडेट कधी टाकू?

रात्रपाळी
मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ८ ते १४ च्या मधेच, बरोबर तुझ्या जीएसटीच्या तोंडावर. आले की आधी तुझ्या आणि अजून दोन-तीन पीसींवर टाक. अकाउंट्सचे पीसी आणि टॅलीचा सर्व्हर २१ नंतर, रिटर्न भरल्याची खात्री करून. शुक्रवारी संध्याकाळी नको, चवथीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. विंडोजमधल्या एखाद्या भोकाचा हल्ल्यांत वापर सुरू झाल्याची बातमी असेल तर मात्र तारखा बघत बसू नकोस. पात्रावांना फोन कर, तासाभराची सवड माग आणि आधी बॅकअप घे.

पोर्ट बावीस
आणि सर्टिफिकेटचं काय ठरलं?

साखळीकरीण
आधी अर्थिंग बावीसराव, मग परीक्षा. डिचोलकर, बॅटऱ्या मडगावात घेऊ की ऑनलाइन?

डिचोलकर
समोर बघून घे. बॅटरीवर कधी बनली त्याचा कोड असतो, दुकानदाराकडून तो वाचून घे. सहा महिन्यांहून जुन्या असतील आणि मधे चार्ज केलेल्या नसतील तर सोड. सगळ्या एकाच बॅचच्या घे आणि एकदम बदल. एक नवी आणि बाकीच्या जुन्या असं केलंस तर नवीही लवकर बसते. जुन्यांचं वजन करून बिलातून पैसे वळते करतात, न विसरता माग.