तालुक्याच्या गावी मानसोपचार कुठे मिळतील?

प्रश्न: भाऊ ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. दर महिन्याला पुण्याला खेप परवडत नाही. जवळ सरकारी सोय आहे का?

उत्तर १: ताई, १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतं. वार बदलतात, म्हणून निघण्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारून घ्या.

उत्तर २: जुनी चिठ्ठी आणि रिकामी पाकिटंही न्या. सरकारी औषधभांडारात कंपनीच्या नावाने शोधलं तर ‘नाही’ ऐकू येतं. पाकिटावर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, उदा. ‘ओलॅन्झापिन १० मिग्रॅ’, ते दाखवा. हातात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. खंड पडला की आजार उलटतो, आणि घरचे समजतात औषधच लागू पडलं नाही!

उत्तर ३: तो यायलाच तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांशी बोला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार संमतीविना दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या नेमलेल्या व्यक्तीचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. पहिल्या वेळी मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.