अल्थिया गिब्सन यांच्यानंतर कोण? लारी सग यांच्या वाटचालीविषयी

प्रश्न :
टेनिसमध्ये विम्बल्डन जिंकलेल्या अल्थिया गिब्सन १९६४ साली एलपीजीए या अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत दाखल झाल्या. त्यांच्यानंतर १९६७ साली रेनी पॉवेल आल्या आणि तिसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडू लारी सग थेट १९९५ साली. एवढा मोठा खंड का पडला? सग पुढे महाविद्यालयीन क्रीडा क्षेत्रात गेल्या, त्याविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ :
पीजीए या पुरुष व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत १९६१ पर्यंत 'केवळ श्वेतवर्णीय' असे कलम होते. एलपीजीएत ते कधीच नव्हते. अडवणूक व्हायची ती प्रत्यक्ष मैदानावर. काही क्लबांनी गिब्सन यांना आपल्या इमारतीत येऊ दिले नाही, म्हणून त्यांना मोटारीत बसून बूट बदलावे लागत. पॉवेल यांना हॉटेलांनी खोली नाकारली, जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. त्या खेळू शकल्या याचे मोठे कारण त्यांचे वडील विल्यम पॉवेल. महायुद्धावरून परतलेल्या या सैनिकाला कर्ज नाकारले गेले, तेव्हा दोन कृष्णवर्णीय डॉक्टर आणि स्वतःचा भाऊ यांच्या मदतीने त्यांनी ओहायोत शेतजमीन घेतली आणि रात्री पहारेकऱ्याची नोकरी करत दिवसा स्वतः राबून गोल्फचे मैदान उभारले. १९४८ साली खुले झालेल्या त्या क्लिअरव्ह्यूवर वर्णाचा मज्जाव नव्हता. असे मैदान किती मुलींच्या वाट्याला येणार? खंडाचे उत्तर मला यातच दिसते.

प्रतिसाद २ :
सहमत. सग यांनाही व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे आजोबांनीच खेळ शिकवला. फरक पडला तो पुढे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे महाविद्यालयांत मुलींचे संघ आणि शिष्यवृत्त्या वाढल्या होत्या. सग यूसीएलए (लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ) कडून खेळल्या आणि १९९१ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होत्या. पॉवेल यांनीही विद्यापीठ संघाचे नेतृत्व केले होते, पण त्या काळी महिलांच्या महाविद्यालयीन खेळाला असे पाठबळ नव्हते.

प्रतिसाद ३ :
सग यांचे नंतरचे काम मला अधिक मोलाचे वाटते. रिचमंड विद्यापीठात महिलांचा गोल्फ संघ नव्याने सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या प्रशिक्षक त्या होत्या. पुढे त्याच विद्यापीठाच्या क्रीडा विभागात वरिष्ठ प्रशासक झाल्या. संघात कोणाला घ्यायचे, शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हे ज्या खोल्यांत ठरते तिथे कृष्णवर्णीय स्त्रिया आजही मोजक्याच आहेत, म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग केवळ तळटीप म्हणून सांगितला जाऊ नये.