विषय: लॅपटॉपमध्ये मोडेम कार्ड बसवू का?

मंडळी, नमस्कार.

माझ्या जुन्या लॅपटॉपला सिमची खाच आहे, पण आत मोडेम कार्ड नाही. मित्राने दुसऱ्या देशातून एक वापरलेलं कार्ड आणून दिलंय. आतल्या अँटेनाच्या तारा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून बाहेरून मोठी अँटेना जोडायचा विचार आहे. लॅपटॉप बहुतेक वेळ मांडीवरच असतो. बाबांना पेसमेकर आहे आणि तेही तो वापरतात. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

----

उत्तर:

बसवायच्या आधी विचारलंस, बरं केलंस. रेडिओ उपकरणांच्या चाचण्या करण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांचं. पेसमेकर आणि चालू ट्रान्समीटर यांच्यात निदान 15 सेंटिमीटर अंतर असावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. टेबलावर काम करताना तेवढं सहज राहतं. पण आडवं पडून लॅपटॉप छातीवर ठेवणं किंवा चालू लॅपटॉप छातीशी धरून या खोलीतून त्या खोलीत नेणं त्यांनी टाळावं. त्यांच्या डॉक्टरांना विचारच. ते सांगतील ते माझ्या आकड्याच्या वर.

आता कार्ड. एलटीई (म्हणजे 4जी) कार्ड जास्तीत जास्त 200 मिलिवॅटच्या आसपास प्रक्षेपण करतं. टॉवर लांब असला, सिग्नल क्षीण असला की ते जोर वाढवतं, म्हणून खिडकीपाशी बसलेलं चांगलं. शरीर किती ऊर्जा शोषतं ते ‘एसएआर’ने मोजतात. अमेरिकेतली मर्यादा 1 ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोग्रॅमला 1.6 वॅट, युरोपातली 10 ग्रॅमच्या सरासरीवर 2 वॅट. मात्र लॅपटॉपमधल्या बऱ्याच कार्डांना मंजुरी मिळते ती अँटेना माणसापासून 20 सेंटिमीटर लांब राहील हे धरून. अँटेना झाकणाच्या वरच्या कडेला असते ती उगाच नाही. तू ती मांडीजवळ आणलीस, तर ज्या अटीवर कार्ड मंजूर झालं ती अटच मोडली.

मोठ्या अँटेनाचंही तसंच. मंजुरीत अँटेनाचा कमाल गेन, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटण्याचं प्रमाण, ठरलेला असतो. गेन 3 डेसिबलने वाढला की त्या दिशेला शक्ती दुप्पट होते. रेंज वाढते हे खरं, पण कार्डाची तपासणी त्या जोराला झालेलीच नसते. उत्पादकाच्या संमतीवाचून बदल केल्यास उपकरण वापरायचा अधिकार जाऊ शकतो, असं अमेरिकेत पुस्तिकेतच छापलेलं असतं.

दुसऱ्या देशातलं कार्ड म्हटल्यावर आधी लेबल बघ. अमेरिकेसाठी एफसीसीचा (तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेचा) क्रमांक लागतो, युरोपसाठी सीई ही मान्यतेची खूण. आपण राहतो तिथली खूण नसेल तर ते कार्ड बसवू नकोस, मग ते चालो वा न चालो. पुष्कळदा रेडिओ लहरींचे पट्टेच जुळत नाहीत: जीएसएम (जुनी 2जी मोबाइल सेवा) कुठे 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर, तर कुठे 850 आणि 1900 वर.

----

उत्तर:

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त हातचा अनुभव लिहितो. अँटेनाच्या तारेचं टोक फार नाजूक. यू.एफएल जातीचा कनेक्टर साधारण 30 वेळा काढण्या-घालण्यापुरताच असतो. मी दोनतीनदा घाईने ओढला आणि कार्डावरची बैठकच उखडली. अँटेना न जोडता कार्ड सुरू करू नका. निघालेली शक्ती परत फिरून कार्डावरच येते. आणि वायफाय बंद केलं म्हणजे मोडेम बंद झालं, असं समजू नका. विमानात किंवा सुरुंग लावायच्या जागी विमान मोडच लावा.

----

उत्तर:

ताई, दादा, मनापासून आभार. लेबलावर इथली खूण नाही, कार्ड परत करतोय. त्याऐवजी यूएसबी मोडेम घेतलं तर?

----

उत्तर:

चालेल. पण ते मांडीच्या अगदी जवळ येतं. अमेरिकेत अशा मोडेमचा एसएआर 5 मिलिमीटर अंतरावर मोजतात, म्हणजे तपासणी जवळच्या वापराची असते. तरी छोटी यूएसबी केबल लावून ते टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेव. अंतर दुप्पट झालं की शक्तीची घनता साधारण चौथाईवर येते. कार्डच हवं असेल, तर लॅपटॉपच्या दुरुस्ती-पुस्तिकेत चालणाऱ्या कार्डांचे क्रमांक असतात. मॉडेल कळव, आपण मिळून शोधू.