पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडं रेंज कुठून येणार, टॉवरवरून की आकाशातून?

खानापूरकर
२०३० च्या आसपास ६जी, म्हणजे मोबाईल नेटवर्कची पुढची पिढी, येणार, असं सगळेच धरून चाललेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०२३ मध्ये त्याचा आराखडा मान्य केला आणि आपल्या सरकारनंही त्याच वर्षी मार्चमध्ये ‘भारत ६जी व्हिजन’ काढलं. बेळगावात हा विषय निघाला की गाडी लगेच वेगावर जाते. सिनेमा किती सेकंदांत उतरणार, पुण्याचा डॉक्टर तिथं बसून इथल्या पेशंटचं ऑपरेशन कसं करणार, हेच. मला ही दिशाच चुकीची वाटते. वेग वाढणार हे कुणीही सांगेल. रेंज कुठवर पोचणार, हे सांगणं अवघड आहे आणि आपल्या भागाचं सगळं त्याच्यावर अडलंय.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे लहरीची सेकंदातली कंपनं, वाढवली की जास्त माहिती मावते, पण लहर लवकर क्षीण होते. ७०० मेगाहर्ट्झची लहर हातभर लांब असते, ती भिंतीतून, झाडोऱ्यातून बऱ्यापैकी पार जाते. शहरातलं बरंचसं ५जी चालतं ते ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. अँटेना तशीच साधी धरली, तर तेवढ्याच अंतरावर हा सिग्नल वीसेक पटीनं कमी पोचतो. २६ गिगाहर्ट्झची लहर तर जेमतेम सेंटिमीटरभर, तिला जोराचा पाऊस आणि ओली पानंही आडवी येतात. बेळगाव शहरात, शहापुरात, टिळकवाडीत चौकाचौकात अँटेना लावता येतील. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात आणि भीमगड अभयारण्याच्या रानात कोण लावणार? अभयारण्यात टॉवर उभारायचा तर वनखात्याची परवानगी, फायबर, म्हणजे टॉवरला नेटवर्कशी जोडणारी काचतंतूची केबल, पुरायचा तरी तीच.

माझं भाकीत असं: २०३५ पर्यंत खानापूरच्या पश्चिम भागात काही बदललंच, तर ते ७०० मेगाहर्ट्झचा टॉवर, त्याच्यापर्यंत फायबर आणि दोन दिवस टिकणारी बॅटरी यांच्यामुळं बदलेल. ६जीचा त्यात वाटा नसेल. कुणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट लिहा.

टिळकवाडीचा इंजिनिअर
काका, भौतिकशास्त्र बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. टॉवर जमिनीवरच हवा असं तुम्ही धरून चाललाय. २०२४ च्या जानेवारीत साध्या मोबाईलशी थेट बोलणारे, इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकचे पहिले उपग्रह वर गेले, आणि २०२५ च्या जुलैत अमेरिकेत टी-मोबाईल या मोबाईल कंपनीनं ती सेवा गिऱ्हाइकांना खुली केली. दळणवळणाचे जुने उपग्रह बहुतेक जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर होते, हे काहीशे किलोमीटरवर आहेत. आपल्याकडं स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये दूरसंचार खात्याचा परवानाही मिळालाय, सध्या तो डिशवाल्या सेवेसाठी आहे, पण दार उघडलंय. शिवाय ६जीच्या आराखड्यातल्या सहा उपयोगांत ‘सगळीकडं जोडणी’ हा एक मुद्दामच घातलाय. ज्या रानात टॉवर नेता येत नाही, तिथं वरून येणाऱ्या सिग्नलला ना डोंगर आडवा येत, ना वनखातं.

खानापूरकर
डोंगर येत नाही, पण झाडं येतात आणि घराचं छप्पर येतं. मोबाईल सहसा पाव वॅटसुद्धा ताकद बाहेर टाकत नाही, तेवढ्यावर आकाशातला उपग्रह गाठायचा! आणि ते पहिले उपग्रह गेले तेव्हा मस्क यांनीच सांगितलं होतं की एका बीमला, म्हणजे उपग्रहाच्या एका झोताला, सेकंदाला सुमारे ७ मेगाबिट मिळतात, बीम फार मोठे असतात, आणि जमिनीवरच्या नेटवर्कशी ही खरी स्पर्धा नव्हे. म्हणजे एका बीममधल्या सगळ्या गावांनी मिळून ७ मेगाबिट. याला मी भविष्य म्हणणार नाही.

उद्यमबाग, मशीन शॉप
तुम्ही दोघंही गावाकडचंच बोलताय. आमच्याकडं शेडमध्ये एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, रांगा. चहूकडं लोखंड आणि पत्रा, त्यामुळं वायफाय कुठं लागतं, कुठं मध्येच सुटतं. भट्टीचं तापमान आणि मशीनच्या फिरत्या दांड्याची, स्पिंडलची, थरथर तिथल्या तिथं कळली, तर जॉब वाया जायच्या आधी मशीन थांबवता येतं. कारखान्याला स्वतःचं ५जी उभारायची वाट सरकारनं २०२२ मध्ये मोकळी केली, पण लहान कारखान्याला तो खर्च झेपत नाही. तो ज्या दिवशी झेपेल, त्या दिवशी बेळगावात खरा फरक पडेल. म्हणून वेगाला आणि उशीर न होण्याला कमी लेखू नका.

आशाताई, जांबोटी भाग
मी आरोग्यखात्याची आशा कार्यकर्ती, दवाखाना, डोंगर आणि घरं अशी फिरते, म्हणून लिहिते. आमच्या एका वाडीत फोन गोठ्याच्या मागच्या दगडी बांधावर उभा करून ठेवतात, तिथंच एक काडी रेंज येते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले का, आधारचा ओटीपी आला का, हे बघायला बायका तिथं जाऊन उभ्या राहतात. पावसात लाईट गेली की टॉवरची बॅटरी संपते आणि ती काडीही जाते.

खानापूरकर काका, तुम्ही ७ मेगाबिट हसण्यावारी नेऊ नका. बाळंतीण अडली तर मला सिनेमा बघायचा नसतो. ॲम्ब्युलन्सच्या १०८ ला एक फोन लागला पाहिजे, तो नाही तर एक मेसेज तरी गेला पाहिजे. अंगणात येऊन तो जात असेल तरी चालेल की! टॉवर आणि फायबर कधी येईल तेव्हा येवो, तोवर मला आकाशातलं चालेल.

निपाणी, निवृत्त टेलिफोन कर्मचारी
ताईंचं बरोबर आहे, तरी भाकितांचा इतिहास ध्यानात ठेवा. उपग्रहावरून फोन देणाऱ्या इरिडियमचे ६६ उपग्रह १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गूगलनं फुग्यांवरून इंटरनेट देणारा ‘लून’ २०२१ मध्ये बंद केला. आपल्याकडं २०१० च्या लिलावानंतर वायमॅक्स हे बिनतारी इंटरनेटचं तंत्र येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला, पुढं आलं ते ४जीच. यंत्रं चालत होती, पण त्यावर धंदा चालला नाही. मात्र इरिडियमचे उपग्रह नव्या मालकाकडं गेले आणि ती सेवा आजही चालू आहे, हेही सांगायला पाहिजे. आणि फायबरचं म्हणाल तर तो पुरला की काम संपत नाही. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की पहिला तुटतो तोच.

आशाताई, जांबोटी भाग
इंजिनिअर दादा, एक विचारू? चोर्ल्याच्या बाजूला माझा फोन कधी कधी गोव्याचा टॉवर धरतो. मग १०८ लावलं की फोन गोव्यात लागतो, ते इकडं लावायला सांगतात आणि त्यात वेळ जातो. चंदगडच्या शिवेवर माझी मैत्रीण आहे, तिचा फोन महाराष्ट्रात लागतो. तुमच्या उपग्रहाचा बीम तर तिन्ही राज्यांवर पडणार. तेव्हा माझा फोन कुठल्या ॲम्ब्युलन्सला जाणार?

टिळकवाडीचा इंजिनिअर
ताई, याचं अर्धंच उत्तर माझ्याकडं आहे. उपग्रहासाठी २०२२ मध्ये जे मानक ठरलं, त्यात फोनला जीपीएसवरून स्वतःची जागा माहीत असावी लागते, त्यामुळं ठिकाण कळवणं जमण्यासारखं आहे. पण ते बघून फोन कर्नाटकाच्या कंट्रोल रूमला द्यायचा की सगळ्यात जवळच्या गाडीला, मग ती गोव्याची का असेना, हे तिन्ही राज्यांनी बसून ठरवायला पाहिजे.

खानापूरकर
मग ते सेवा सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. दूरसंचार नियामक, ट्राय, असल्या विषयावर लोकांच्या हरकती मागवते, त्यात हा मुद्दा घालू. ताई, कुठल्या वाडीत कुठल्या राज्याचा टॉवर लागतो याची यादी तुम्ही करा, चंदगडकडची मैत्रिणीकडून घ्या. कन्नड आणि इंग्रजी मसुदा मी करतो. टॉवरची बॅटरी किती तास टिकलीच पाहिजे, हेही त्यातच लिहू. उपग्रहाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण या पत्रावर इंजिनिअरचीही सही लागेल.