‘केतकी गुलाब जुही’पलीकडचा ‘बसंत बहार’

एरंडवण्याचा श्रोता

नमस्कार. आमच्या सोसायटीतील काही ज्येष्ठ आणि काही तरुण मंडळी मिळून महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या हिंदी चित्रपटाची सगळी गाणी सलग ऐकतो आणि नंतर चहा घेता घेता त्यांवर बोलतो. पुढच्या बैठकीसाठी १९५६ सालचा ‘बसंत बहार’ ठरला आहे. राजा नवाथे यांचे दिग्दर्शन, शंकर-जयकिशन यांचे संगीत आणि शैलेंद्र-हसरत जयपुरी यांची गीते एवढी माहिती सर्वांनाच आहे. अडचण अशी की, पुण्यात या चित्रपटाचे नाव काढले की पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचे ‘केतकी गुलाब जुही’ एवढे एकच गाणे निघते, त्यावर पंडितजींच्या आठवणी निघतात आणि बाकीची गाणी राहूनच जातात.

गटातल्या तरुणांनी दोन शंका काढल्या आहेत. ‘केतकी गुलाब जुही’ ही जुगलबंदी आहे आणि तीत नायकासाठी गाणाऱ्या मन्ना डे यांच्यापुढे भीमसेनजी हरतात, हे प्रेक्षकांच्या गळी संगीतकारांनी कसे उतरवले, ही पहिली. नायक भारत भूषण एकच असताना त्याच्यासाठी मन्ना डे आणि मोहम्मद रफी असे दोन आवाज का वापरले, ही दुसरी. जाणकारांनी यावर लिहावे आणि जमल्यास गाण्यांचा क्रमही सुचवावा.

तानपुरा

आपला पहिला प्रश्न नेहमी विचारला जातो, पण त्याचे उत्तर बहुधा मन्नादांच्या किश्श्यावर संपते. आपल्याला भीमसेनजींना हरवायचे आहे हे कळल्यावर ते इतके धास्तावले होते की, काही दिवस गाव सोडून निघून जावे असा विचार त्यांनी पत्नीजवळ बोलून दाखवला होता, आणि पत्नीनेच त्यांना धीर दिला. ही हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. किस्सा गोड आहे, मात्र त्यातून गाण्याची बांधणी कळत नाही.

त्याआधीचे उदाहरण पाहू. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये नौशाद यांनी देसी रागातील सामन्यासाठी उस्ताद अमीर खान आणि पंडित द. वि. पलुस्कर यांना समोरासमोर आणले. दोघेही मैफलीचे गवई असल्यामुळे कोण जिंकले हे कथेवर सोपवता आले. शंकर-जयकिशन यांनी एका बाजूला किराणा घराण्याचा कसलेला ख्यालगायक आणि दुसऱ्या बाजूला चित्रपटाचा पार्श्वगायक उभा केला. हा जुगार फार मोठा होता.

तो सावरला गेला तो रागाच्या निवडीमुळे, असे माझे मत आहे. ‘केतकी’चा राग बसंत. तो उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात खुलणारा राग असल्याने त्याचे खरे घर तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या आसपास आहे. मैफलीत पंडितजी ज्या सावकाशीने खर्जापासून, म्हणजे खालच्या स्वरांपासून, राग उभा करीत, त्या बढतीला येथे वाव नव्हता, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे साडेतीन मिनिटांतच संपते. बसंत मात्र पहिल्या ओळीपासूनच उंचावर असतो आणि त्याला ओळख पटवून द्यायला वेळ लागत नाही. त्यामुळे ख्यालगायकाचे सर्वांत मोठे हत्यार, म्हणजे विस्तार, आपोआपच म्यान झाले आणि सामना तान, लय आणि आवाजाची फेक यांवर आला. या मैदानात मन्ना डे कच्चे नव्हते. काका कृष्णचंद्र डे यांच्या हाताखाली त्यांचा गळा लहानपणापासून तयार झाला होता. शिवाय ते पंडितजींची नक्कल करायला जात नाहीत. पंडितजींच्या आवाजातील घुमारा आणि जोर यांना ते स्वच्छ, टोकदार स्वरांनी उत्तर देतात. नायक जिंकला हे मला आजही पटत नाही, पण तो हरला नाही एवढे नक्की पटते, आणि चित्रपटाला तेवढे पुरते.

पिलू_प्रेमी

‘तानपुरा’ यांच्याशी सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

‘बैजू बावरा’मध्ये भारत भूषण यांच्यासाठी ‘मन तडपत हरि दर्शन को आज’ आणि ‘ओ दुनिया के रखवाले’ रफींनी गायली होती, त्यामुळे हा चेहरा आणि तो आवाज यांची गाठ प्रेक्षकांच्या मनात पक्की बसलेली होती. केवळ बाजार पाहिला असता तर ‘बसंत बहार’मध्येही सगळी गाणी रफींकडे जायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात वाटणी कशी झाली ते पाहा. तोडी रागातील ‘दुनिया न भाये मोहे’ आणि ‘बडी देर भई’ ही रफींची गाणी आहेत; ‘भयभंजना’, ‘सुर ना सजे’ आणि ‘केतकी’ मन्नादांकडे आहेत. रफींच्या दोन्ही गाण्यांत एक त्रासलेला माणूस देवाला हाक मारतो, जाब विचारतो, आणि त्यासाठी तार सप्तकात, म्हणजे वरच्या पट्टीत जाऊन काळीज पिळवटणारा आवाज हवा होता. मन्नादांकडे आलेली गाणी मात्र एका गवयाची आहेत. ‘भयभंजना’ हीसुद्धा प्रार्थनाच आहे, परंतु ती मियाँ मल्हार रागाच्या भारदस्त चालीने, तालमीत बसलेल्या गळ्याने केलेली आहे. नायकातला भक्त रफींकडे आणि गवई मन्ना डे यांच्याकडे, अशी ही विभागणी मला दिसते. संगीतकारांनी ती ठरवून केली असेल किंवा नसेल, कानाला मात्र ती पटते.

आता ‘सुर ना सजे’विषयी. संपूर्ण चित्रपटातले सर्वोत्तम गाणे हेच, असे मी ‘केतकी’च्या चाहत्यांचा राग ओढवून घेऊनही म्हणेन. शैलेंद्र यांनी येथे संगीतकाराला पेचात टाकले आहे, कारण सूर साजत नाही, मी काय गाऊ, असे म्हणणारा माणूस ते सुरातच म्हणणार. गायक बेसूर होऊ शकत नाही आणि सफाईने गायला तर शब्द खोटे पडतात. यातून वाट काढली ती पिलू रागाने. पिलूमध्ये शुद्ध आणि कोमल अशा दोन्ही स्वरांची ये-जा चालत असल्यामुळे चाल एका जागी ठाम उभी राहत नाही, सतत काहीतरी चाचपडत असल्यासारखी वाटते. मन्नादा मुखडा कमीत कमी अलंकारांनी घेतात. ज्याने ‘केतकी’मध्ये तानांची आतषबाजी केली, तोच गळा येथे जाणूनबुजून हात आखडता घेतो. ‘केतकी’ ऐकल्यानंतर लगेच हे गाणे लावून पाहा. दोन्ही गाणी एकाच माणसाने गायली आहेत हे नव्या श्रोत्याला सांगावे लागेल.

जाता जाता एक गोष्ट. याच १९५६ साली, याच संगीतकारांच्या ‘चोरी चोरी’मध्ये मन्ना डे लताबाईंबरोबर हलकीफुलकी प्रेमगीते गात होते, आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो ‘चोरी चोरी’च्या संगीताला.

नीरजा, कोथरूड

वरची चर्चा वाचनीय आहे, परंतु दोन्ही दीर्घ प्रतिसादांत लताबाईंचे नाव केवळ ‘चोरी चोरी’च्या निमित्ताने यावे याचे नवल वाटले. शंका नायकाबद्दलच्या होत्या हे मान्य, तरीही ‘बसंत बहार’चे मूल्यमापन ‘मैं पिया तेरी, तू माने या ना माने’ वगळून होऊच शकत नाही.

भैरवी रागातील या गाण्यात पन्नालाल घोष यांची बासरी आहे. बासरीला मैफलीत स्वतंत्र वाद्याचे स्थान ज्यांनी मिळवून दिले, ते हे पन्नालालबाबू. त्यांच्या लांब बासरीचा भरीव, खालच्या पट्टीतही न विरणारा आवाज येथे केवळ जागा भरण्यासाठी येत नाही. लताबाईंची ओळ संपते, तोच बासरी तिचा धागा उचलते. बैठकीत एकदा हे गाणे शब्दांकडे दुर्लक्ष करून, फक्त बासरीचा माग काढत ऐका, असे मी सुचवीन. हसरत जयपुरी यांचे शब्द अगदी साधे आहेत आणि ते तसे असल्यामुळेच सुरांना मोकळी जागा मिळाली आहे.

झिंझोटी रागातील ‘जा जा रे जा बालमवा’ हेही असेच दुर्लक्षित. रात्र सवतीकडे काढून आलेल्या प्रियकराला बोल लावणारी नायिका हा ठुमरीचा जुना विषय. लताबाई त्यातील राग आणि लाडिकपणा एकाच ओळीत सांभाळतात. खरे सांगायचे तर अशा गाण्यावर जुगलबंदीइतकी चर्चा होत नाही, याला आपण पुणेकर श्रोतेही जबाबदार आहोत. आपल्याला तान मोजता येते, म्हणून आपण तानेलाच दाद देतो.

एरंडवण्याचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. नीरजाताईंचा टोला आमच्या गटापर्यंत नक्की पोहोचवतो. क्रमाबद्दल कोणी लिहिले नाही. ‘केतकी’ शेवटी ठेवावे असा ज्येष्ठांचा आग्रह आहे.

तानपुरा

शेवटी ठेवू नका. मंडळी बैठकभर त्याचीच वाट पाहत बसतील. ते सुरुवातीलाच लावून टाका, पंडितजींच्या आठवणींना थोडा वेळ द्या आणि मग पिलू_प्रेमी यांच्या सूचनेप्रमाणे लगेच ‘सुर ना सजे’ घ्या. त्यानंतर रफींची दोन आणि ‘भयभंजना’ पाठोपाठ ऐकली, तर भक्त आणि गवई हा फरक न सांगताही लक्षात येईल. मग ‘जा जा रे’ आणि चित्रपटातली द्वंद्वगीते घ्यावीत. ‘मैं पिया तेरी’ भैरवीतच असल्याने मैफलीच्या रिवाजाप्रमाणे सांगतेला त्याहून योग्य गाणे नाही.

ज्येष्ठांची अगदीच समजूत निघाली नाही, तर त्यांच्यासाठी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधले ‘इंद्रायणी काठी’ आधी लावा. गदिमांचे शब्द, पु. लं.चे संगीत आणि भीमसेनजींचा तरुण आवाज. तेथे त्यांना कोणी हरवतही नाही.