मदत हवी आहे : फियाट १२८ चे लांब-आखूड ड्राइव्हशाफ्ट

मंडळी, डिप्लोमाच्या मुलांना फ्रंट व्हील ड्राइव्ह शिकवायला मी यंदा १९६९ ची फियाट १२८ उदाहरण म्हणून घेतोय. आपल्या पद्मिनीशी गल्लत नको, तिची ताकद मागच्या चाकांना.

ब्रिटिश छोटी गाडी मिनी सगळ्यांना ठाऊक असते. १९५९ मध्ये तिच्या रचनाकाराने, इसिगोनिसने, इंजिन आडवं टाकलं, पण गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, संपमध्येच (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात). दोघांना एकच तेल. फियाटच्या दान्ते जाकोसा या इंजिनिअरने गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी, एका रेषेत बसवला. आधी १९६४ च्या प्रिमुलात, म्हणजे फियाटशी जोडलेल्या आउतोबियांकी या वेगळ्या ब्रँडच्या गाडीत, करून पाहिलं, मग १२८ मध्ये. फसलं तर फियाटचं नाव खराब व्हायला नको, हा हिशेब मला भारी आवडतो! आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच.

आता अडचण. या मांडणीत डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) मधोमध राहत नाही, म्हणून तिथून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांपैकी, म्हणजे ड्राइव्हशाफ्टपैकी, एक आखूड, दुसरा लांब. लांब शाफ्ट जास्त पिळतो, शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटचे कोनही दोन्हीकडे वेगळे. मग दणकून ॲक्सिलरेटर दिला की स्टीअरिंग आपोआप एका बाजूला ओढलं जायला हवं. १२८ मध्ये ते जाणवायचं का? १११६ सीसीच्या इंजिनचा जोरच बेताचा म्हणून खपून गेलं, की शाफ्टच्या जाडीत काही केलं होतं?

कुणी ही गाडी किंवा तिची युगोस्लाव्ह बहीण झास्तावा १०१ चालवली, उघडली असेल तर सांगा. दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवलेला फोटो मिळाला तर फारच उत्तम. वर्कशॉप मॅन्युअल इटालियनमध्ये असलं तरी चालेल.